शर्टावरचं मीठ

मे महिन्यात दुपारी दोन वाजता भिलाई पोलाद कारखान्याच्या बोरिया गेटपाशी उभं राहावं. पहिली पाळी सुटते आणि सायकली, मोटारसायकलींचा लोंढा बाहेर येतो. ब्लास्ट फर्नेस, कोक ओव्हन, स्टील मेल्टिंग शॉप इथून आलेली माणसं पाठीवरून ओळखू येतात. घाम वाळलेल्या शर्टावर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, एकीच्या आत दुसरी. उन्हाळ्यात तलाव आटत जातो तेव्हा काठाच्या मातीवर वळी राहतात, तशा. त्यावरून बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत असतं तेच हे मीठ, सोडियम आणि क्लोराइड.

सगळ्यांच्या रेघा सारख्या नसतात. भट्टीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाचा शर्ट चिंब असतो, पण वाळल्यावर त्यावर फारसं काही दिसत नाही. गेल्या आठवड्यात ठेकेदाराकडे लागलेल्या पोराच्या पाठीवर मात्र मिठाचा नकाशा असतो. माणसागणिक फरक असतोच, काहींचा घाम मुळातच जास्त खारट असतो. तरी साधारण चित्र हेच. काम तेच, ऊन तेच, आणि घाम म्हणाल तर जुन्या माणसालाच जास्त येतो, लवकर येतो. मग त्याचं मीठ जातं कुठे?

ते जातच नाही, अंगातच राहतं. त्याच्या घामाच्या ग्रंथींना निरोप पोचलेला असतो की पाणी जाऊ दे, मीठ परत घे. हा निरोप ज्या जागेवरून सुरू होतो ती जागा कातडीपासून बरीच दूर आहे, कंबरेच्या वर पाठीच्या आतल्या बाजूला, मूत्रपिंडात. आपण रोजच्या बोलण्यात किडनी म्हणतो, तसंच इथेही म्हणू.

किडनी म्हणजे गाळणी, असं शाळेत शिकवतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे आणि त्या अपुरेपणामुळे माणसं किडनीशी चुकीचं वागतात असं मला वाटतं. गाळणी काही ऐकत नाही आणि काही ठरवत नाही. किडनी सतत ऐकते आणि क्षणोक्षणी ठरवते. तिचं काम समजून घ्यायचं तर तिच्या पेशी एकमेकींशी काय बोलतात ते समजून घ्यावं लागतं.

आधी व्याप पाहू. दोन्ही किडन्या मिळून जेमतेम ३०० ग्रॅमच्या, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येकीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्यापासून निघालेली लांब, वळणावळणाची नळी. या गुच्छांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून नळ्यांत उतरतो. त्यात मीठ किती असतं? जवळपास दीड किलो. आपण दिवसभरात खातो ते मीठ फार तर दहा-बारा ग्रॅम. म्हणजे अंगातलं तेच मीठ दिवसातून कितीतरी वेळा गाळलं जातं आणि पुन्हा रक्तात घेतलं जातं. परत घेण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर असतं. या हिशेबात एक टक्का जरी इकडेतिकडे झाला तरी १५ ग्रॅमचा फरक पडतो, दिवसभराच्या खाण्यातल्या मिठाहून जास्त.

नळीच्या पहिल्या भागात दोन तृतीयांश मीठ परत घेतलं जातं, पुढे केसाच्या आकड्यासारख्या वळणाच्या चढत्या बाजूला आणखी पाव हिस्सा. हे घाऊक काम. उरलेले सात-आठ टक्के शेवटच्या टप्प्यांत येतात, आणि तिथे किरकोळ काटा लावलेला असतो. आज मीठ ठेवायचं की सोडायचं, याचा खरा निर्णय या किरकोळीत होतो.

मीठ उचलण्याची मूळ ताकद मात्र सगळीकडे एकच आहे. नळीच्या प्रत्येक पेशीला रक्ताकडच्या बाजूने एक पंप असतो. तो एका खेपेला तीन सोडियम बाहेर, रक्ताच्या बाजूला टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना या पंपाचा छडा लावला. त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. पंप अखंड चालत असल्यामुळे पेशीच्या आत सोडियमचा कायम तुटवडा असतो. नळीच्या बाजूने एखादं दार उघडलं की सोडियम आपसूक आत धावतो. शरीराचा कारभार बहुतांशी या दारांवर चालतो. किती दारं ठेवायची, कुठली बंद करायची, हाच सगळ्या निरोपांचा विषय.

आता जरा एका जागी थांबून बारकाईने पाहू. नेफ्रॉनची नळी गुच्छापासून निघते, किडनीच्या गाभ्यात उतरते, वळते, वर परत येते आणि नेमकी ज्या गुच्छापासून निघाली त्यालाच येऊन चिकटते. लाखो नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, तरी प्रत्येक आपल्याच गुच्छाकडे परतते. या स्पर्शाच्या ठिकाणी नळीच्या भिंतीत वीसेक पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे एक गडद डाग दिसतो, म्हणून या जागेला मॅक्युला डेन्सा, म्हणजे दाट ठिपका, असं लॅटिन नाव पडलं. या पेशींच्या एका अंगाला नळीतून वाहणारा द्रव, दुसऱ्या अंगाला गुच्छात रक्त आणणारी वाहिनी. कालव्याच्या चारीवर पाटकरी बसतो, खाली किती पाणी पोचलं ते पाहतो आणि वरच्या दरवाजाला हात घालतो; तशी ही जागा.

या पेशी मिठाची चव घेतात. त्यांच्या दारातून एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असा जथा एकदम आत येतो. द्रवात मीठ जास्त असेल तर हे दार भराभर चालतं. मग या पेशी बाहेर एटीपी हा रेणू सोडतात, त्याचं अ‍ॅडेनोसिन होतं, शेजारच्या रक्तवाहिनीचे स्नायू आकसतात आणि गुच्छात येणारं रक्त कमी होऊन गाळण मंदावतं. ही दुरुस्ती काही सेकंदांत होते. उलट मीठ कमी आलं की दार थंडावतं आणि त्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं एक द्रव्य तयार करू लागतात. हे नाव ध्यानात असू द्या, शेवटी पुन्हा त्याचं काम पडणार आहे.

प्रोस्टाग्लँडिन शेजारच्या पेशींकडे जातं. या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत बसलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात रेनिन नावाच्या एन्झाइमचे दाणे भरलेले असतात. निरोप पेशीच्या पापुद्र्यावरच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, येऊन भिडतो. बाहेरचा निरोप्या आत शिरत नाही. त्याच्या वतीने पेशीच्या आत दुसरा निरोप्या धावतो, त्याचं नाव सायक्लिक एएमपी. या दुसऱ्या निरोप्याच्या शोधाबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल मिळालं होतं. त्याचं प्रमाण वाढलं की रेनिनचे दाणे रक्तात रिते होतात. इथे एक गंमत आहे. शरीरातल्या बहुतेक ग्रंथिपेशींत कॅल्शियम वाढलं की साठवलेला माल बाहेर पडतो. रेनिनच्या पेशींत उलटं आहे, कॅल्शियम वाढलं की कुलूप लागतं. त्यामुळे रक्तदाबाने वाहिनी ताणली गेली आणि पेशीत कॅल्शियम वाढलं, की रेनिन आपोआप अडतं. दाब आधीच जास्त असताना तो आणखी वाढवणारं द्रव्य सोडायला नको, ही तजवीज पेशीच्या रचनेतच आहे.

रेनिन सुटायला तीन कारणं पुरतात. किडनीत येणाऱ्या रक्ताचा दाब घटणं, दाट ठिपक्याला मीठ कमी पोचणं, आणि ताणाच्या वेळी सावध होणाऱ्या अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जातंतूंनी थेट डिवचणं. भट्टीसमोर उभ्या माणसात ही तिन्ही एकदम घडतात. ओतकामाच्या वेळी समोर १,४०० अंशांहून तापलेलं लोखंड वाहत असतं. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धाव घेतं, घामाने रक्तातलं पाणी आणि मीठ घटतं, मज्जातंतू तर सावध असतातच. किडनीला कळतं की दिवस कठीण आहे.

पुढची साखळी आता बऱ्याच जणांच्या घरी गोळ्यांच्या रूपाने येऊन पोचली आहे, म्हणून तिच्यावर झरझर नजर टाकू. रेनिनचा शोध जुना आहे. स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेड आणि पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. रेनिन स्वतः दाब चढवत नाही. यकृतातून येणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा ते तोडतं. त्या तुकड्याचं शेपूट, मुख्यतः फुप्फुसातल्या वाहिन्यांवर बसलेलं, एसीई नावाचं एन्झाइम कापतं आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. आठ कड्यांची ही छोटी साखळी रक्तवाहिन्या आवळते, तहान लावते, नळीच्या पहिल्या भागाला जास्त सोडियम उचलायला लावते आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला सांगते. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात एसीईला अडवणारे तुकडे सापडले आणि त्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध बेतलं गेलं. अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला परवानगी मिळाली. तुमच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल तर ती याच एन्झाइमला थोपवते, आणि ‘सार्टन’ असेल तर अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवते.

अल्डोस्टेरॉन मात्र सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण शर्टावरच्या रेघांचं उत्तर त्याच्यापाशी आहे.

आतापर्यंतचे निरोपे दारावर थांबणारे होते. अल्डोस्टेरॉन स्निग्ध असल्यामुळे पेशीचा पापुद्रा ओलांडून सरळ आत जातं. नळीच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशीत त्याचा ग्राही वाट पाहत असतो. दोघं मिळून केंद्रकात शिरतात आणि काही जनुकांना कामाला लावतात. त्यातलं एक जनुक एसजीके-१ नावाचं प्रथिन तयार करतं. हे काय करतं ते पाहा. या पेशीच्या नळीकडच्या बाजूला सोडियमची दारं असतात, शास्त्रज्ञ त्यांना एनॅक म्हणतात. दारं तयार होतात, काही काळ राहतात, मग काढून टाकली जातात. काढण्याचं काम नेड-४-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडे आहे. ज्या दाराला ते खूण चिकटवतं ते मोडीत जातं. एसजीके-१ जाऊन या मोडणाऱ्याचाच हात धरतं. जुनी दारं तशीच राहतात, नवी येत राहतात, संख्या वाढत जाते, आणि नळीतला उरलासुरला सोडियम आत ओढला जातो. तासाभरात परिणाम जाणवू लागतो, पण पूर्ण जोर धरायला दिवस लागतात. काही घराण्यांत एनॅकच्या शेपटात जन्मजात दोष असतो, त्यामुळे खूण चिकटायला जागाच उरत नाही. दारं कधीच मोडली जात नाहीत आणि तरुणपणीच रक्तदाब चढतो. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका दाराच्या शेपटाचा एवढासा बिघाड, आणि सगळ्या शरीराचा दाब बदलतो.

हीच दारं, हाच ग्राही आणि हेच अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथीतही आहे. ग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो जवळपास रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. नळीतून वर कातडीकडे येता येता तिच्या भिंती मीठ परत घेतात. अल्डोस्टेरॉन जास्त, तर दारं जास्त आणि घाम अळणी. म्हणजे किडनीला वाटलेली काळजी निरोपांच्या साखळीतून पार पाठीच्या कातडीपर्यंत पोचते. अंगाला सवय नसलेल्या माणसाच्या घामातून भर उन्हाळ्यात दिवसाला १५ ते ३० ग्रॅम मीठ जाऊ शकतं. काही आठवडे सराव झाल्यावर तेच ३ ते ५ ग्रॅमवर येतं. जुन्या माणसाचा शर्ट पांढरा का नाही, ते इथे कळतं.

ही गोष्ट प्रथम ज्यांनी धरली त्यांपैकी एक जेरोम कॉन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिक उष्ण प्रदेशांत लढायला जात होते, म्हणून मिशिगन विद्यापीठात माणसं उष्णतेला कशी सरावतात याचा त्यांनी अभ्यास केला. घामातलं मीठ दिवसागणिक कमी होत जातं आणि त्यामागे अ‍ॅड्रिनल ग्रंथी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. अल्डोस्टेरॉन तेव्हा वेगळं काढलंही गेलं नव्हतं, ते १९५३ मध्ये साधलं. पुढच्याच वर्षी कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. रक्तदाब चढलेला, रक्तात पोटॅशियम फार कमी, स्नायू दुबळे. उन्हाळा नाही, कष्ट नाहीत, तरी तिचं शरीर मीठ धरून बसलं होतं. अ‍ॅड्रिनलमधली गाठ अल्डोस्टेरॉन बनवत असणार, असं त्यांनी ताडलं. शस्त्रक्रियेत गाठ निघाली आणि बाई सुधारली. आज जगभर कॉन सिंड्रोम म्हणतात तो आजार घामाच्या अभ्यासातून असा हाती लागला.

इथे ज्येष्ठमधाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण खोकला झाला की आपल्याकडे काडी चघळायला देतात. अल्डोस्टेरॉनचा जो ग्राही आहे, त्यात कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही बसतं, आणि कॉर्टिसॉल रक्तात शेकडो पटींनी जास्त असतं. खरं तर ग्राहीवर त्याचाच कब्जा व्हायला हवा. तसं होत नाही, कारण या पेशींच्या दाराशी एक एन्झाइम पहारा देतं आणि आत येणाऱ्या कॉर्टिसॉलला निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन या पहारेकऱ्यालाच झोपवतं. मग कॉर्टिसॉल ग्राहीवर बसतं, पेशीला वाटतं अल्डोस्टेरॉन आलं, आणि ती मीठ ओढत राहते. दोन-चार दिवस काडी चघळल्याने काही बिघडत नाही, पण रक्तदाब असलेल्याने महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचा काढा घेणं घातक आहे.

मिठाबरोबरच्या पाण्याचा कारभार वेगळ्या निरोपावर चालतो. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी मेंदूला कळतं आणि तिथून व्हेसोप्रेसिन सुटतं. नळीच्या शेवटच्या भागात ते पोचलं की पेशीत पुन्हा तोच सायक्लिक एएमपी धावतो. पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत पाण्याच्या नळ्या तयार ठेवलेल्या असतात, त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. निरोप आला की पिशव्या वर सरकतात, पापुद्र्यात मिसळतात आणि पाणी आत येऊ लागतं. निरोप थांबला की नळ्या पुन्हा आत ओढल्या जातात. सगळं मिनिटांचं काम. पाळी सुटल्यावर लघवी गडद आणि थोडी होते ती यामुळे. पाण्याच्या या नळ्या पीटर आग्रे यांना १९९२ च्या सुमारास सापडल्या आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अडचण तेव्हा येते, जेव्हा घामातून पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं आणि माणूस नुसतं पाणी पितो. तहान भागते, पण रक्तातलं सोडियम पातळ होतं. हातापायांत, पोटात गोळे येतात. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत असे गोळे नेहमीचे होते. जे. एस. हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये दाखवलं की खाणकामगारांच्या पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं की गोळे थांबतात.

छत्तीसगढच्या शेतमजुराला हे शिकवायला कोणी आलं नव्हतं. रात्री भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी त्यात मीठ टाकायचं, सोबत कांदा, हिरवी मिरची, जमलं तर भाजी, आणि पेजेसकट खायचं. ही बासी. त्याच दिवशीचा भात पाण्यात घातला तर बोरे. २०२२ च्या १ मे रोजी, कामगार दिनी, राज्य सरकारने बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं तेव्हा सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्येही ती मोठ्या हौसेने खाल्ली गेली. विदर्भातून इथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांना शिळा भात नवा नाही, आपण त्याला फोडणी देतो एवढंच. पण उन्हात काम करणाऱ्यासाठी पाण्यातला खारट भातच सरस, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. त्यात पाणी आहे, मीठ आहे आणि भाताच्या पिष्टातून मिळणारी साखर आहे. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि साखर एकाच दारातून जोडीने आत येतात आणि मागोमाग पाणी येतं. ओआरएसची पुडी याच दारावर चालते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

हे झालं घाम गाळणाऱ्याचं. आता त्याच माणसाला निवृत्त होऊ द्या. १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हापासून इथून निवृत्त झालेल्यांच्या कितीतरी पिढ्या दुर्ग-भिलाईत राहतात. घाम थांबतो, पण पानातलं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ थांबत नाही. भट्टीवर लागत होतं तेवढं मीठ आता घरात बसून खाल्लं जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

जास्तीचं मीठ बाहेर काढायचीही सोय आहे. रक्त वाढून हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की हृदयच एक संप्रेरक सोडतं. कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदराच्या हृदयाचा अर्क टोचून हे दाखवलं. हृदय ही ग्रंथीही आहे हे तेव्हा उमगलं. हा निरोप किडनीला सोडियम सोडायला सांगतो. पण वयाबरोबर नेफ्रॉन कमी होत जातात, सोडण्याची ताकद घटते. मग उरतो एकच मार्ग. रक्तदाब वाढवायचा आणि त्या जोरावर मीठ बाहेर ढकलायचं. कित्येकांचा रक्तदाब हा किडनीने मिठाचा हिशेब जुळवण्यासाठी मोजलेली किंमत असतो.

यात पालेभाज्यांची मदत होते आणि तीही निरोपातूनच. नळीच्या शेवटाकडे आणखी एक मिठाचं दार आहे. रक्तात पोटॅशियम कमी असलं की तिथल्या पेशीतलं क्लोराइड घटतं, डब्ल्यूएनके नावाची प्रथिनं जागी होतात आणि हे दार सताड उघडतं, मीठ आत येतं. पोटॅशियम भरपूर असलं की दार मिटतं आणि मीठ लघवीवाटे जातं. लाल भाजी, चेच भाजी, तिवऱ्याची भाजी, डाळ, केळी यांत पोटॅशियम असतं. छत्तीसगढ भाज्यांसाठी प्रसिद्धच आहे, त्या ताटात आणाव्यात. ज्यांची किडनी आधीच कमकुवत आहे त्यांना मात्र पोटॅशियम साचून हृदयाला धोका होतो, त्यांनी डॉक्टरांनी आखून दिलेलंच खावं.

आता प्रोस्टाग्लँडिनकडे वळतो. अंगातलं पाणी घटलं, अँजिओटेन्सिनने सगळ्या वाहिन्या आवळल्या, तेव्हा किडनीचं स्वतःचं रक्तही अडायला हवं. ते अडत नाही, कारण प्रोस्टाग्लँडिन आत येणारी वाहिनी उघडी धरून ठेवतं. एरवी त्याची फारशी गरज नसते. पाणी आटलेल्या अंगात मात्र किडनी त्याच्याच आधारावर तग धरते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. म्हणून तर दुखणं थांबतं. पाळी करून आलेला, अंग ठणकणारा, लघवी गडद झालेला माणूस नाक्यावरच्या दुकानातून अशी गोळी घेतो, तेव्हा तो किडनीचा शेवटचा आधार काढतो. त्यात ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल तर गाळणं एकदम बंद पडू शकतं. निकाराग्वा, एल साल्वादोर इथल्या ऊसतोड कामगारांत रक्तदाब-मधुमेह नसतानाही किडन्या निकामी होताना दिसल्या. रोजचं ऊन आणि रोजचं आटणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती दिल्यावर तिथे नुकसान कमी झालेलं दिसलं.

म्हणून पाळी वाटून देणाऱ्यांना एक विनंती आहे. मे महिन्यात लागलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ भट्टीसमोर उभं करू नका. त्याच्या घामाच्या ग्रंथीत दारं वाढायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर थोडा थोडा वेळ वाढवत न्या. गावी लग्नाला जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला जुना माणूसही तेवढ्यापुरता नवाच असतो.

आणि घरी परतणाऱ्याला सांगणं एवढंच. लघवी गडद आणि थोडी असेल तर त्या संध्याकाळी दुखण्याची गोळी घेऊ नका. सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्या, लघवी फिकट होईपर्यंत थांबा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दुखण्याची कुठलीही गोळी घेण्याआधी दुकानदाराला नको, डॉक्टरांना विचारा.